सर्जनशील कोण, आणि ते ठरवतं कोण? भंडाऱ्याची तळी आणि दंडार

 

आजचा विषय तसा जुनाच आहे. माणूस सर्जनशील कशामुळे होतो, आणि तो तसा आहे हे ओळखायचं कसं? पहिल्या प्रश्नावर भरपूर लिहिलं गेलंय. दुसऱ्यावर त्या मानानं कमी. आपला असा समज असतो की प्रतिभा असली की ती दिसतेच, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? आम्हांला मात्र वाटतं की इथं झाकलेल्या कोंबड्यांची संख्या फार मोठी आहे. आज आपण त्यातली दोन-तीन उघडून पाहू, आणि ती सगळी भंडारा जिल्ह्यातली, म्हणजे झाडीपट्टीतली असतील.

आधी थोडं शास्त्र. १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष जे. पी. गिलफर्ड यांनी आपल्या अध्यक्षीय भाषणात तक्रार केली की आपण बुद्धी मोजतो, पण सर्जनशीलतेकडे लक्षच देत नाही. तिथून चाचण्यांचं युग सुरू झालं. एका विटेचे किती उपयोग सुचतात ते सांगा, अपुरं चित्र पुरं करा, वगैरे. या चाचण्या वाईट नाहीत. पण त्यांतून कळतं ते एवढंच, की एका माणसाला थोड्या वेळात किती वेगवेगळ्या गोष्टी सुचतात. त्यातलं कामाचं काय, आणि कामाचं ते कुणाच्या दृष्टीनं, हे चाचणी सांगत नाही.

पुढे मिहाय चिकसेंटमिहाय या अभ्यासकानं प्रश्नच फिरवला. सर्जनशीलता म्हणजे काय, हे विचारण्याआधी ती असते कुठे ते विचारा, असं त्याचं म्हणणं. ती एकट्याच्या डोक्यात नसते. एक असतो माणूस, दुसरं त्या विद्येचं क्षेत्र, आणि तिसरे त्या क्षेत्रातले जाणकार, जे ठरवतात की ही नवी गोष्ट ठेवून घ्यायची की टाकून द्यायची. तिन्ही जुळले तर सर्जन.

हे ऐकून आपण म्हणतो, वा, काय नवीन सांगितलं! पण मंडळी, आपल्याकडे राजशेखरानं दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, 'काव्यमीमांसे'त, प्रतिभेचे दोन भाग केलेत. एक कारयित्री, म्हणजे घडवणाऱ्याची. दुसरी भावयित्री, म्हणजे ओळखणाऱ्याची. लक्षात घ्या, ओळखणाऱ्याकडेही तो प्रतिभाच मागतो. नुसती आवड किंवा नुसती विद्वत्ता त्याला पुरत नाही. आणि आपल्या अभिमानाची गोष्ट म्हणजे, त्याच्या कथेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीममध्ये. तेव्हा सर्जनाचा प्रश्न घेऊन विदर्भात आलो तर आपण पाहुणे नाही, घरचेच आहोत.

याच राजशेखरानं भावकांचे, म्हणजे ओळखणाऱ्यांचे, चार प्रकार सांगितले. अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सगळंच गिळतो. मत्सरी, ज्याला दिसतं पण सोसत नाही. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो मर्मापर्यंत जातो. हा चौथा हजारांत एखादा. हे चौघं जण आपल्याला आज पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

आता चला तळ्यावर.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे शाळेत आपण पाठ केलेलं असतं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात मिळून सहा हजारांहून जास्त जुनी तळी आहेत. सरकारी भाषेत त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नाव ऐकलं की वाटतं मालगुजारांनी बांधले. काही त्यांनी बांधून घेतलेही असतील. पण पाळ कुठे घालायची, पाणी कुठून घ्यायचं, जादा झालेलं कुठून सोडायचं, हे ज्यांना कळत होतं ते लोक वेगळे. त्यात कोहळी समाजाचं नाव सगळ्यांत पुढे. ऊस आणि धान पिकवणारे हे शेतकरी.

यात सर्जन कुठलं, असा प्रश्न येईल. खड्डा खणला, पाणी साठलं, झालं! तसं नाही. इथं वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे भरपूर. पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि त्यातही मध्येच पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो. धान नेमका त्याच वेळी पाणी मागतो. म्हणजे अडचण पाण्याच्या कमतरतेची नव्हतीच, वेळेची होती. तेव्हा पाऊस सप्टेंबरपर्यंत उसना ठेवायचा कसा? त्यांनी शोधलेलं उत्तर असं. दोन टेकड्यांच्या मधली, कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडेल अशी जागा हेरायची. पाळ घालायची. जादा पाणी जायला सलंग ठेवायची, म्हणजे पाळ फुटत नाही. शेतात पाणी सोडायला तुडूम बांधायचं. एका तळ्याचं सांडलेलं पाणी खालच्या तळ्यात, त्याचं त्याच्या खालच्या बोडीत, आणि मधल्या उतारावर धानाच्या बांध्या. हे सगळं दुर्बिणीशिवाय, नकाशाशिवाय. उतार डोळ्यांनी आणि वाहत्या पाण्यानं मोजायचा.

आमच्या मते हे सर्जन आहे, आणि कवितेपेक्षा कमी प्रतीचं नाही. अडचण नेमकी ओळखणं, हाताशी असलेलं साहित्य पुरतं जाणणं, आणि त्यातून आधी नसलेली रचना उभी करणं, हे तिन्ही त्यात आहे.

मग हे ओळखलं कुणी? इथं गोष्ट रंगते.

पहिली ओळख राज्यानं दिली. चांद्याच्या गोंड राज्यात तळं बांधणाऱ्याला त्या तळ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचा हक्क देण्याची रीत होती. त्या देणगीला 'तुकूम' म्हणत. आजही त्या बाजूला गावांच्या, वस्त्यांच्या नावात तुकूम सापडतं. ही रीत आम्हांला फार शहाणपणाची वाटते. परीक्षक नको, मानपत्र नको. तुझी कल्पना किती जमीन भिजवते ते पाहू, तेवढी तुझी. मर्म जाणणारा भावक कसा असतो, तर असा.

दुसरी ओळख गावानं दिली. नवेगाव बांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. हा बांध कोलू पाटील कोहळी यानं बांधला अशी परंपरा. लोकांनी त्याचं काय केलं? देव केला. कोलासूर देव. तळ्याभोवतीच्या एका टेकडीवर त्याचं ठाणं. यात कृतज्ञता आहे, नाकारत नाही. पण देव केला की एक तोटा होतो. देवाला सगळंच जमतं, त्यामुळे त्यानं ते कसं जमवलं हे कुणी विचारत नाही. कोलू पाटलानं किती जागा पाहून सोडल्या असतील? पहिली पाळ फुटली असेल का? माणूस असता तर विचारलं असतं.

तिसरी ओळख इंग्रजी अमलात झाली. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ १९१६ सालचा. त्यात कोहळ्यांची नोंद तळी बांधणारी जात अशी आहे, कौतुकानं आहे.  पण पुस्तकाचा साचाच असा की कौशल्य जातीच्या खाती जमा होतं. जातीच्या खाती जमा झालं की ते अंगभूत होतं, सुगरणीला घरटं जमतं तसं. मग त्यात शोध, चूक, सुधारणा, एखाद्याची दुसऱ्यापेक्षा वेगळी नजर, यांना जागा उरत नाही. आणि ज्यांनी माती वाहिली, त्या इतर जातींच्या, जमातींच्या बाया-माणसांना तर खातंच नाही.

चौथी ओळख म्हणजे सरकारी रजिस्टर. १९५० च्या कायद्यानं मध्य प्रदेशात, ज्यात तेव्हा भंडारा होता, मालगुजारी संपली. १९५१ मध्ये तळी सरकारजमा झाली. पुढे कुठलं जिल्हा परिषदेकडे, कुठलं पाटबंधारे खात्याकडे. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल रडायचं कारण नाही. पण तळ्याची ओळख आता क्षेत्र आणि सिंचनक्षमता या दोन रकान्यांत राहिली. तुडूम कधी उघडायचं, गाळ कधी काढायचा, कुठली वनस्पती राहू द्यायची, हे जाणणारा माणूस रकान्यात बसत नव्हता. तो गेला. तळी गाळानं भरली, बेशरमनं वेढली.

देव केला, जात केली, आकडा केला. तिन्ही वेळा माणूस निसटला. आमची आजची मुख्य तक्रार हीच आहे.

याला अपवादही आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाच्या लोकांबरोबर जे काम केलं ते पाहा. त्यांनी आधी विचारलं. कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणत्या पाणवनस्पतीच्या आसऱ्यानं राहतो? मग बेशरम काढून, माती तयार करून, स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. तळ्याचं ज्ञान पाटबंधाऱ्याबाहेरही आहे, मासेमाराच्या जाळ्यात आहे, हे त्यांनी ओळखलं. ही भावयित्री प्रतिभाच.

आता दुसरं उदाहरण घेऊ. तळ्यावरून मंडईत.

दिवाळीची भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या. दिवसा दंडार, आणि रात्री नाटक, पहाटेपर्यंत. दंडार करणारे गावातलेच पुरुष. बायकांची कामंही परंपरेनं पुरुषच करत आले. गोष्ट बहुतेकांना माहीत असलेली, पुराणातली नाहीतर गावगाड्यातली.

आम्ही एकदा लाखनीकडच्या एका गावात मंडईला गेलो होतो. यमाचा दरबार भरला होता आणि ऐन रंगात वीज गेली. पाच-सात क्षण नुसता काळोख. मग अंधारातून यमाचा आवाज आला, "चित्रगुप्ता, याही मालकांनी बिल नाही भरलं काय जी?" सगळं गाव हसलं. आम्हीही हसलो. पण शेजारी एक म्हातारबाबा बसले होते, ते हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "हे आताच काढलं जी यानं. काल त्या गावाले नव्हतं."

मंडळी, आमच्या मते त्या रात्री तिथं प्रतिभा दोघांची होती. एक यमाची, दुसरी म्हातारबाबांची. आम्हांला विनोद कळला. त्यांना विनोदाचा जन्म कळला. कारण काल काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. नवं काय हे ओळखायला जुनं पाठ असावं लागतं. आम्ही शहरातून गेलेलो, आमच्या लेखी सगळंच नवं, म्हणून खरं नवं आम्हांला दिसलंच नाही.

आता झाडीपट्टीच्या या रंगभूमीबद्दल बाहेर काय बोललं जातं? आपले चार भावक आठवा.

अरोचकी म्हणतो, भडक आहे, मेलोड्रामा आहे, गाणी फार, रडारड फार. त्याला उत्तर असं, की उघड्यावर, थंडीत, हजारो माणसांपुढे, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, शेवटच्या रांगेतल्या माणसाला जागं ठेवायचं आहे. तिथं भुवई उडवून चालत नाही. आवाज मोठा आहे कारण जागा मोठी आहे. बंदिस्त नाट्यगृहाचं माप इथं लावणं म्हणजे तळ्याला तांब्यानं मोजणं.

सतृणाभ्यवहारी म्हणतो, लोककला आहे ना, मग सगळंच थोर! याची आम्हांला जास्त भीती वाटते. कारण तिथं थोर नसलेलं पुष्कळ आहे. त्याच त्या सासू-सुना, सिनेमातून उचललेले प्रसंग, आणि मधूनच कथेशी काही संबंध नसलेला नाच. ते तसं म्हटलं पाहिजे. ज्याला सगळंच आवडतं त्याला काहीच दिसलेलं नसतं. आणि अशा कौतुकात एक छुपा अपमान असतो, "यांच्याकडून याहून जास्त काय मागायचं?" असा. कलावंताचा खरा मान ठेवायचा तर त्याच्याकडून मागावंच लागतं.

मत्सरी कोण ते आम्ही सांगत नाही. तो प्रत्येक गावात असतो, विद्यापीठातही असतो.

आणि तत्त्वाभिनिवेशी? साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर. दंडारीचा अभ्यास करावा, झाडीबोलीचा शब्दकोश करावा, झाडीबोलीची साहित्य संमेलनं उभी करावीत, हे त्यांना वाटलं तेव्हा ती बोली म्हणजे 'अशुद्ध मराठी' असाच सार्वत्रिक समज होता. त्यांनी दाखवलं की झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ नाहीत हा नियम आहे, ती जिभेची चूक नाही. डोळ्याला डोरा म्हणणारं पोर चुकत नाही, आपल्या बोलीचा नियम पाळतं. एकदा नियम दिसला की त्या नियमात कोण काय नवं करतो तेही दिसू लागतं. तोवर सगळंच 'गावंढळ' या एका शब्दात गाडलेलं असतं.

२०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या परिचयात ५,००० वर प्रयोग आणि ८०० भूमिका असं म्हटलं होतं. आनंदाची गोष्ट आहे. पण बघा, दिल्लीला आकडा दिसला. ८०० भूमिकांतली कुठली भूमिका त्यांनी अशी केली की नंतरच्या नटांना ती तशीच करावी लागली? हे सांगणारा समीक्षक आपण तयार केला का? पद्मश्री देणं दिल्लीचं काम. हे सांगणं आपलं काम होतं.

आता ज्यांच्याबद्दल बोलायला आमच्याकडेही नावं नाहीत, त्यांच्याकडे येऊ. थोडक्यात सांगतो, कारण नावं नसली की बोलणं आपोआप थोडक्यात होतं. भंडाऱ्याच्या कोशाच्या साडीचा करवती काठ प्रसिद्ध आहे, करवतीच्या दातांसारखा. त्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. म्हणजे प्रदेशाला ओळख मिळाली. पण काठात पहिल्यांदा दात कुणी बसवले, मागावर त्यासाठी काय युक्ती केली? रोवणीच्या वेळी चिखलात उभं राहून बाया गाणी म्हणतात. एखादी बाई ऐनवेळी ओळ जोडते, बाकीच्या उचलतात, पुढच्या वर्षी ती सगळ्यांची होते. ओळ टिकली, बाई गेली. तिथल्या तत्त्वाभिनिवेशी त्याच बाया होत्या, ज्यांनी ती ओळ उचलली आणि दुसऱ्या दहा सोडून दिल्या.

तर मग, माणूस सर्जनशील कशामुळे होतो? राजशेखराकडेच परत जातो. घडवणाऱ्याची प्रतिभा तो तीन प्रकारची सांगतो. सहजा, म्हणजे जन्मासोबत आलेली. आहार्या, म्हणजे कष्टानं, सरावानं मिळवलेली. औपदेशिकी, म्हणजे शिकवण्यातून आलेली. आपण पहिलीचा गाजावाजा करतो, कारण तिथं आपल्याला काही करावं लागत नाही. उरलेल्या दोन समाजाच्या हातात आहेत. कोहळ्याच्या पोराला बापाबरोबर पाळीवर फिरायला मिळालं, दंडारीतल्या पोराला आधी नुसता टाळ धरून उभं राहायला मिळालं. साहित्याशी वर्षानुवर्षांची सलगी, चुकायची मुभा, एक खरीखुरी अडचण, आणि "काल हे नव्हतं" म्हणणारा एक म्हातारा. एवढं असलं की सर्जन होतं. यातला म्हातारा काढून घ्या, बाकीचं हळूहळू वाळतं.

आणि ओळखायचं कसं? आम्ही तीन प्रश्न विचारतो. यानं कुठली अडचण सोडवली ते सांगता येतं का? त्याच कामातला दुसरा जाणकार थांबून पाहतो का? आणि याच्या नंतर येणाऱ्याचं काम याच्यामुळे बदललं का? तिन्हींना 'हो' आलं तर तो सर्जक, मग त्याच्या नावावर पुस्तक असो, नाटक असो, की नुसती एक सलंग असो.

दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला असा, की जुन्या समाजात नाव न ठेवण्याचीच पद्धत होती, तर आपण आज नावाचा आग्रह का धरायचा? प्रश्न चांगला आहे. नाव दगडावर कोरा असं आम्ही म्हणत नाही. पण अनाम राहणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. बांधून घेणाऱ्या मालगुजाराचं नाव तलावाला लागलंच ना? मग बांधणाऱ्याचं गेलं ती पद्धत कुठली? त्याला विसर म्हणा.

दुसरा प्रश्न एका शिक्षक ताईंचा आहे. वर्गात सर्जनशील मूल ओळखायचं कसं? ताई, उत्तर तुमच्याच हातात आहे. निबंधात 'डोरा' लिहिलं म्हणून ज्या पोरीचे गुण जातात, तिनं त्या निबंधात दुसरं काय लिहिलंय ते एकदा वाचा. शुद्धलेखन शिकवाच, प्रमाण मराठी तिला लागणारच आहे. पण लाल शाई उचलायच्या आधी, काल हिच्या लिहिण्यात काय नव्हतं आणि आज काय आहे, तेवढं बघा. मंडईतल्या त्या म्हातारबाबांनी एवढंच केलं होतं.

इथं थांबतो.